उट्रेक्टहून बुऱ्हाणपूरला, माळ्याविषयी

ती. आई-बाबांना,

हे पत्र घरच्या वार्ताहराकडून आहे. वास्तविक ते तुमच्या चिरंजीवांनी लिहायचं ठरलं होतं. पण चालणारं पेन शोधायला म्हणून त्यांनी खण उघडला आणि ते तिथेच रमले. ‘हे चालत नाही, पण टोपण चांगलं आहे’ असं म्हणत एकेक पेन त्यांनी परत आत ठेवलं. शेवटी सूनबाईंनी लॅपटॉप उघडला. घरातली परिस्थिती यावरून ध्यानात यावी.

बातमी अशी, की या कुटुंबाने सामान कमी करायला काढलं आहे. यामागे साक्षात्कार वगैरे काही झालेला नसून कारण जिन्याचं आहे. भाड्याचं नवं घर जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे, आणि हॉलंडमधले जुने जिने इतके अरुंद आणि उभे, की चढताना आपलेच गुडघे नाकाला लागावेत. म्हणून तर कालव्याकाठच्या जुन्या घरांच्या माथ्यावर बाहेर आलेली एक तुळई आणि तिला लोखंडी आकडा दिसतो. कपाट असो की पियानो, दोरीने वर ओढायचं आणि खिडकीतून आत घ्यायचं. आता दोरीऐवजी यंत्राची शिडी मिळते. तिचं भाडं तासावर असतं. तासाचा दर ऐकला आणि घरात एकदम वैराग्य आलं.

वैराग्याला ग्रंथ हवाच. जपानच्या मारी कोंडोबाईंचं आवराआवरीचं पुस्तक इंग्रजीत २०१४ मध्ये आलं. १ जानेवारी २०१९ ला नेटफ्लिक्सवर मालिका आली आणि देशोदेशीच्या लोकांनी आपापली कपाटं पलंगावर ओतली. पद्धत सोपी. वस्तू हातात घ्यायची, आनंद होतो का बघायचं, नसेल होत तर आभार मानून तिला निरोप द्यायचा. चिरंजीवांनी ती प्रामाणिकपणे पाळली, पण त्यांना श्रीखंडाचा रिकामा डबा हातात घेऊनही आनंद झाला. झाकण घट्ट बसतं म्हणे. आहेरातला, खोक्यातून कधीच बाहेर न आलेला लेमन सेट घेतला तेव्हा आनंद झाला नाही, मात्र ‘आत्याने दिलाय’ हे आठवलं. कोंडोबाईंच्या पद्धतीत आत्याची तरतूद नाही. शिवाय तिसरं मूल झाल्यावर आपलंही घर पूर्वीसारखं आवरलेलं नसतं, असं बाईंनी स्वतःच २०२३ मध्ये सांगून टाकलं. ती बातमी चिरंजीवांनी छापून फ्रिजवर लावली आहे.

स्वीडनच्या मार्गारेटा मॅग्नसन यांचं २०१७ मधलं पुस्तक याहून रोखठोक आहे. आपण गेल्यावर मुलांना निस्तरावं लागू नये म्हणून जिवंतपणीच आपला पसारा आवरा, असं त्या सांगतात. ते तुम्हाला भेट पाठवायचा सूनबाईंचा विचार होता. विषय ऐकल्यावर चिरंजीवांनी तो हाणून पाडला.

मग आला २७ एप्रिल, म्हणजे इथल्या राजाचा, विलेम-अलेक्झांडर यांचा वाढदिवस. त्या दिवशी देशभरात कुणीही परवान्याशिवाय रस्त्याकडेला जुनं सामान विकायला बसावं, अशी रीत आहे. उट्रेक्टमध्ये तर बाजार आदल्या संध्याकाळीच भरतो आणि रात्रभर चालतो. लहान मुलं स्वतःची खेळणी विकतात, कुणी बेसूर व्हायोलिन वाजवून पैसे गोळा करतं, सगळं गाव नारिंगी कपड्यांत असतं. या कुटुंबानेही फुटपाथवर सोलापुरी चादर अंथरली आणि दुकान मांडलं. लेमन सेटकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. जो तो खालच्या चादरीची किंमत विचारत होता. एका आजोबांनी इडलीपात्र घेतलं, त्यात मेणबत्त्या लावणार म्हणाले. तुमची नात भावात कुणाला ऐकेना. हा गुण कुठल्या आजीचा, हे सांगायला नको.

संध्याकाळी हिशेब झाला तेव्हा विकलेल्यापेक्षा घरात आलेलं सामान जास्त भरलं. चिरंजीव पाय मोकळे करायला म्हणून गेले होते, ते बंद पडलेला स्लाइड प्रोजेक्टर घेऊन परतले. ‘दुरुस्त होईल की!’

बाबा, हे वाक्य इथे चळवळ म्हणून चालतं. मार्टिने पोस्टमा या पत्रकार बाईंनी १८ ऑक्टोबर २००९ ला अ‍ॅमस्टरडॅममध्ये पहिलं रिपेअर कॅफे भरवलं. लोकांनी बिघडलेला टोस्टर, फाटलेला कोट घेऊन यायचं, जाणकार स्वयंसेवकांनी बसून तो नीट करून द्यायचा, सोबत कॉफी. आज असे कॅफे जगभर आहेत, आणि दुरुस्ती हा ग्राहकाचा हक्क मानणारा कायदा युरोपीय संघाने २०२४ मध्ये केला. तुमच्या लोहारमंडीत मिक्सरचे कार्बन बदलून देणाऱ्या माणसाला हे सांगितलंत तर तो आधी हसेल आणि मग कॉफी कुठे आहे म्हणून विचारेल.

खरं सांगायचं तर आपल्याकडे वस्तू टाकत नव्हतेच, फिरवत होते. साडी विरली की गोधडीत जायची. बरी असली तर बोहारणीकडे जायची आणि तिच्या बदल्यात स्टीलचं पातेलं यायचं. एका पातेल्यासाठी आई आणि बोहारीण यांच्यात जी घासाघीस चाले, तिच्यापुढे राजाच्या वाढदिवसाचा बाजार अगदीच मिळमिळीत. उरलंसुरलं भंगार नेणाऱ्या अटालेवाल्याच्या हातगाडीवर चढायचं. घरात कमी वस्तू होत्या असं नाही, पण त्या अडून बसत नसत.

त्या अडल्या मुलं परदेशी गेल्यावर. ‘आली की लागेल’ या एका वाक्यावर माळा भरत गेला. पितळी बंब, घंगाळ, काथ्याची खाट, चिरंजीवांची इंजिनिअरिंगची पुस्तकं, त्यांची सायकल, व्होल्टेज स्टॅबिलायझर. यात चिरंजीवांचा हात मोठा आहे. दर खेपेला ते एक बॅग तुमच्याकडे ‘तात्पुरती’ ठेवून येतात. उट्रेक्टमध्ये साधेपणाने राहायचं आणि त्या साधेपणाचं गोदाम तुमच्या शनवाऱ्यात ठेवायचं, ही सरळ लबाडी आहे, असं सूनबाईंचं स्पष्ट मत आहे.

आणि हे सगळं बुऱ्हाणपुरात! मुमताजमहल १७ जून १६३१ ला त्याच गावात वारली. तापीपलीकडे झैनाबादच्या बागेत तिला पुरलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात आग्र्याला नेलं. शहाजहानच्या बेगमेचा मुक्काम तिथे सहा महिन्यांत आटोपला, स्टॅबिलायझर मात्र हलायला तयार नाही. अब्दुल रहीम खानखाना तिथे सुभेदार होते. दान देताना ते मान खाली घालत, अशी आख्यायिका आहे. बाबा अटालेवाल्याला रद्दी देताना काट्यावरची नजर हलू देत नाहीत. कबीरपंथाची गादी गावात आहे. पूरण साहेबांनी कबीरांच्या बीजकावर टीका लिहिली ती तिथेच. तिथे मायेवरचं प्रवचन ऐकून बाबा घरी येतात आणि प्रसादाची प्लास्टिकची पिशवी चौकोनी घडी घालून गादीखाली ठेवतात.

जुनं ते सगळं काढा, असं इथून कुणी म्हणत नाही. तुमच्या गावचा कुंडी भंडारा १६१५ चा. तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने जमिनीखालून आणलेलं ते पाणी आजही वाहतं. अशी वस्तू चारशे वर्षं ठेवावी. बंब तापवायला मात्र आता घरात चूलही उरलेली नाही.

आई, तुम्ही मुक्ताबाईच्या पालखीबरोबर मुक्ताईनगरहून पंढरपूरपर्यंत चालत गेला होतात. महिनाभर एका वळकटीवर राहिलात आणि परत आल्यावर ‘काही कमी पडलं नाही’ असं शेजारीपाजारी सांगत होतात. ते वाक्य सूनबाईंनी जपून ठेवलं आहे आणि या पत्रात ते तुमच्याविरुद्ध वापरलं जात आहे, याबद्दल राग नसावा.

तरी विनंती अशी. बंब आणि घंगाळ ज्या नातेवाइकांना हवं असेल त्यांना आत्ताच, तुमच्या हाताने द्या. सायकल शाळेत जाणाऱ्या एखाद्या मुलाला द्या. पुस्तकं रद्दीत घाला, चिरंजीवांनी ती तेव्हाही फारशी उघडली नव्हती. त्यांच्या बॅगा उघडू नका, दिवाळीत आल्यावर त्यांच्याकडूनच उघडून घेऊ. मांड्यांचं खापर मात्र कुणी कितीही मागितलं तरी हलवायचं नाही. दिवाळीला येताना बॅगा रिकाम्या असतील. जाताना त्या भरून देण्याचा हट्ट धरू नका. विमानात माणशी तेवीस किलोच नेऊ देतात आणि जिना तोच आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

ता. क. लेमन सेट अखेर इथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानाला दिला. आत्यांना कळवू नये. मावा जिलबी वस्तूंत मोडत नाही, ती बॅगेत चालेल.