गृहोपकरणांचे मुखत्यार

छत्रपती संभाजीनगरात उन्हाळा किती कडक आहे याचा सरकारी निवाडा चिकलठाण्याच्या वेधशाळेत होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो वर्तमानपत्रांत छापून येतो. परंतु त्या उन्हाळ्यावर इलाज काय करावा, कोणते यंत्र घ्यावे, ते केव्हा घ्यावे आणि घेतल्यानंतर कितपत हळहळावे, याचा निवाडा मात्र जालना रस्ता सोडून चिकलठाण्याच्या कोणत्याही वसाहतीत शिरले असता एका विशिष्ट गृहस्थाच्या ओट्यावर होत असतो. या गृहस्थांस कोणी नेमलेले नसते. त्यांच्यापाशी ना सनद, ना मुशाहिरा. तरीही फ्रीज, टीव्ही, वॉशिंग मशीन, गिझर, पंखा यांपैकी कोणतीही चीज आपल्या मसलतीवाचून वसाहतीच्या फाटकातून आत येऊ शकत नाही, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते, आणि ती खोडून काढण्याचे धैर्य अद्याप कोणा दुकानदारासही झालेले नाही. अशा गृहस्थांस मी गृहोपकरणांचे मुखत्यार म्हणतो.

हे मुखत्यार बहुधा औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात हयात घालवून सेवानिवृत्त झालेले असतात. नोकरीत असताना मोटार जळाली की अपरात्री त्यांस बोलावणे येई. निवृत्तीनंतर बोलावणी बंद झाली खरी, पण मोटारी काही पृथ्वीतलावरून नाहीशा झाल्या नाहीत, उलट लहान लहान रूपे धारण करून त्या घरोघर शिरल्या आहेत, हे त्यांच्या ध्यानी आले आणि त्यांचे उत्तरायुष्य सार्थकी लागले. सदऱ्याच्या वरच्या खिशात टेस्टर, खालच्या खिशात लोहचुंबकाचा तुकडा, चष्म्याच्या घरात एक भिंग आणि पाण्यातील क्षार मोजणारी लेखणीएवढी टीडीएस मीटर नावाची कांडी, एवढ्या सरंजामानिशी ते घराबाहेर पडतात. पैकी चुंबक हा इंडक्शन शेगडीसाठी असतो. ज्या बुडास चुंबक चिकटेल तेच पातेले त्या शेगडीवर तापते, निव्वळ तांब्याचे आणि ॲल्युमिनियमचे बाद, हा निसर्गनियम त्यांनी वसाहतीत इतक्या कसोशीने अमलात आणला आहे की, नव्या सुनांच्या रुखवतातील भांडीदेखील या तपासणीतून सुटलेली नाहीत.

सुनावणी सकाळच्या चहानंतर सुरू होते आणि चैत्र-वैशाखात फिर्यादींची रीघ लागते. जुन्या गावठाणातून आलेला एखादा शेतकरी पायरीवर टेकत विचारतो, ‘‘काका, दीड टनाचा एसी घ्यावा म्हणतो, पण वरचा स्लॅब जुना हाय. दीड टन वजन पेलंल का?’’ मुखत्यार हसत नाहीत. या प्रश्नाची ते वर्षभर वाट पाहत असतात. टन हे यंत्राचे वजन नसून थंडाव्याचे माप आहे. यंत्रे निघण्यापूर्वी बर्फाचा व्यापार चाले, त्या काळी 2,000 पौंडांचा एक टन बर्फ 24 तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेई, तेवढी उष्णता तेवढ्याच अवधीत खोलीबाहेर टाकणारे यंत्र एक टनाचे मानले जाऊ लागले. तासाचा हिशेब केला तर ती 12,000 बीटीयू भरते. असा विषयाचा सांगोपांग उलगडा ते इतक्या तन्मयतेने करतात की, ऐकणारा घटकाभर उत्तर अमेरिकेतील गोठलेल्या तळ्यांवर फिरून येतो आणि उठता उठता विचारतो, ‘‘म्हणजे स्लॅबला धोका नाही ना?’’

दुसऱ्या फिर्यादीची कैफियत याहून करुण असते. त्याने दुकानदाराच्या तोंडून ‘इन्व्हर्टर एसी’ हे शब्द ऐकून अधिक पैसे मोजलेले असतात आणि वीज गेल्याबरोबर एसीही गेल्यामुळे आपली फसवणूक झाली, अशी त्याची तक्रार असते. बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर निराळा आणि कॉम्प्रेसरची गती गरजेप्रमाणे कमी-अधिक करून वीज वाचवणारा इन्व्हर्टर निराळा, हा भेद मुखत्यारांनी आजवर अनेकांस समजावला आहे. तो समजूनही न पटलेल्यांची संख्या मात्र समजलेल्यांपेक्षा कमी नसावी.

परंतु त्यांची खरी विद्वत्ता प्रकट होते ती लेबलासमोर. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने 2006 साली उपकरणांवर तारे लावण्याची योजना सुरू केली, तेव्हापासून सामान्य माणूस तारे मोजतो. मुखत्यार भिंग काढून ताऱ्यांखालची बारीक अक्षरे वाचतात. ध्रुवास अढळपद मिळाले, लेबलावरील ताऱ्यांस ते मिळालेले नाही. ब्युरो वेळोवेळी कसोटी कडक करते, त्यामुळे काही वर्षांपूर्वीच्या पाच ताऱ्यांचे यंत्र आजच्या कोष्टकात तीनवर उतरू शकते. म्हणून लेबल कोणत्या काळाचे, हे ते प्रथम पाहतात. मग वार्षिक वीजवापराचा आकडा येतो. एसीच्या बाबतीत तो आकडा वर्षाकाठी 1,600 तास वापर गृहीत धरून काढलेला असतो, हे ठाऊक असलेला चिकलठाण्यातील बहुधा हा एकमेव इसम. आणि आपल्या अशिलाचे कुटुंब रात्री किती वाजता एसी लावते, किती वाजता बंद करते, मुले दार उघडे टाकतात काय, याची उलटतपासणी घेतल्यावाचून तो पुढे सरकत नाही. या उलटतपासणीत काही घरांतील गुप्त कलह चव्हाट्यावर आले आहेत. सासूबाईंस चोवीस अंशांवर हुडहुडी भरते आणि सूनबाईंस अठराशिवाय झोप येत नाही, हे मुखत्यारांनी विचारीपर्यंत घरच्या कर्त्या पुरुषास माहीत नव्हते, अशीही उदाहरणे आहेत.

पाण्याच्या बाबतीत मात्र त्यांचा उत्साह मर्यादा ओलांडतो, असे मला नम्रपणे नमूद करावेसे वाटते. ते लग्नास गेले की अक्षता पडण्यापूर्वी मंगल कार्यालयाच्या जारमध्ये कांडी बुडवतात आणि आकडा मोठ्याने वाचतात. वधूपित्याच्या चेहऱ्यावरील भाव त्यांस दिसत नाहीत, कारण त्यांची दृष्टी कांडीवर असते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत इष्ट मानले जातात आणि त्याहून कमी क्षारांचे पाणी असेल तेथे आरओ यंत्र लावूच नये, असे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2019 साली सांगितले होते, हे ते जारवाल्या मुलास ऐकवतात. ही माहिती खरी आहे, आणि जेथे नळास पाणी किती दिवसांनी येणार ही वर्तमानपत्रातील बातमी असते, जायकवाडी भरल्याचा आनंद नळापर्यंत पोहोचता पोहोचता आटून जातो, त्या शहरात ती मोलाचीही आहे. कारण साधारण घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाणी देताना त्याच्या कितीतरी पट पाणी मोरीत सोडते. मुखत्यारांच्या घरी हे सोडलेले पाणी पिंपात साठवून त्याने फरशी पुसतात. गंमत अशी की, ती कांडी केवळ पाण्याची विद्युतवाहकता मोजते. पाण्यातील जंतू तिला कळत नाहीत. हे मुखत्यारांनाही माहीत आहे, पण हा खुलासा ते लग्नात करीत नाहीत. जंतूंचा आकडा दाखवणारी कांडी बाजारात नाही, आणि आकड्यावाचून त्यांस बोलता येत नाही.

2025 सालचा श्रावण-भाद्रपद हा त्यांच्या कारकिर्दीतील परमोत्कर्षाचा काळ म्हटला पाहिजे. स्वातंत्र्यदिनी लाल किल्ल्यावरून वस्तू व सेवा करात सूट मिळण्याचे सूतोवाच झाले, त्याच संध्याकाळी मुखत्यारांनी वसाहतीत तोंडी फर्मान काढले की, दुसरा हुकूम होईपर्यंत कोणीही काहीही विकत घेऊ नये. पुढे एसी, डिशवॉशर आणि 32 इंचांहून मोठे टीव्ही यांवरील कर 28 टक्क्यांवरून 18 वर आला आणि तो 22 सप्टेंबरला, ऐन घटस्थापनेच्या दिवशी लागू झाला, तेव्हा दूरदृष्टीचा असा कौल ग्रामदैवतासही देता आला नसता. ज्यांनी घाई करून ऑगस्टातच एसी बसवला होता, त्यांच्या घरी मुखत्यार जातीने गेले, खाली मान घालून बसले, गेलेल्या रकमेचा नेमका आकडा त्यांनी हळू आवाजात सांगितला आणि चहा न घेताच उठले.

आता त्यांच्या स्वतःच्या घरात पाऊल टाकू. तेथील बहुतेक नवी उपकरणे त्यांनी घेतलेली नाहीत. ती पुण्यास असलेल्या मुलाने पाठवलेली असतात. त्यांत जमीन झाडणारा एक वाटोळा यंत्रमानव आहे. तो लेसरने खोलीचा नकाशा काढतो, कोपरे मोजतो, पलंगाखालचा केर शोधतो. पण त्याची निर्मिती करणाऱ्या परदेशस्थ अभियंत्यांस जुन्या घराचा उंबरठा आणि दारातली रांगोळी यांची कल्पना नसावी. पहिल्याच दिवशी त्याने अंगणाच्या दारातील रांगोळी, काकूंची बोटे अद्याप पांढरी असतानाच, गिळंकृत केली आणि नंतर उंबरठ्याशी जाऊन तो विठ्ठलाच्या पायरीवर डोके ठेवणाऱ्या वारकऱ्याप्रमाणे टेकून राहिला. कामाला येणाऱ्या मावशी त्यास ‘ते कासव’ म्हणतात. ‘‘साहेब, आधी पायपुसणं मी उचलायचं, वायरी मी गोळा करायच्या, मग हे झाडणार. मग मीच झाडते की,’’ असा त्यांचा युक्तिवाद आहे, आणि मुखत्यारांपाशी त्यास लेखी अथवा तोंडी उत्तर नाही.

तसाच दुसरा पाहुणा एअर फ्रायर. नेदरलँड्समधील एका संशोधकाची ही कल्पना फिलिप्सने 2010 साली बाजारात आणली. वास्तविक ती पंख्याने गरम हवा वेगाने फिरवणारी लहानशी भट्टी आहे, तळणे तिच्या कुळात नाही. हे सारे मुखत्यारांनी पाहुण्यांस सांगितले आणि मग, कोणत्या दुर्बुद्धीने कोणास ठाऊक, मिरचीभजी करून दाखवण्याचे कबूल केले. बेसनाचे सैल पीठ तळणीत पडताक्षणी तेलात आवळते; येथे ते जाळीतून खाली ओघळले आणि मिरच्या विवस्त्र अवस्थेत भाजून निघाल्या. पापड घातला तो वाऱ्याने उडून आतल्या आत गरगरू लागला आणि वरच्या तापत्या तारेस जाऊन भिडला. काकूंनी त्या दिवशी मुकाट्याने कढई ठेवली. मात्र पुढे त्यांनी त्याच भट्टीत शेंगदाणे भाजून पाहिले, ते एकसारखे खमंग निघाले, आणि आता चटणीचे कूट दुसऱ्या कशावर भाजलेले त्यांस चालत नाही. यंत्राचा खरा उपयोग काय, हे पत्रकात छापलेले नसते. ते घरातील बाईस आठवड्याभरात कळते आणि मुखत्यारांस ते तिच्याकडूनच समजते, पण ओट्यावर ते स्वतःचे संशोधन म्हणून जाहीर होते.

ओट्याच्या एका बाजूस, ताडपत्रीखाली, व्हिडिओकॉनचे जुने वॉशिंग मशीन उभे आहे, त्याविषयी मात्र मुखत्यार थट्टा सहन करीत नाहीत. 1982 च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने दूरदर्शन रंगीत झाले आणि त्यानंतरच्या दशकात धूत कुटुंबाच्या या कंपनीचे नाव देशभर घरोघर पोहोचले. पैठण रस्त्यावरील चितेगावचा तिचा कारखाना ही या शहराची शान होती. न चिकटणाऱ्या तव्याचा ‘निर्लेप’ही याच शहराचा. आपल्या गावात बनलेली वस्तू दिल्लीच्या दुकानात दिसते, याचा अभिमान ज्या पिढीने उपभोगला त्या पिढीचे हे गृहस्थ. व्हिडिओकॉन 2018 साली दिवाळखोरीच्या कायद्याखाली न्यायाधिकरणासमोर गेली. यंत्र अजून फिरते. शिवाय त्यात बादलीने पाणी ओतता येते, जी सोय पुढून झाकण उघडणाऱ्या दिमाखदार यंत्रांत नाही, आणि नळाचा भरवसा नसलेल्या गावात बादलीचे महत्त्व काय, हे त्यांच्याकडूनच ऐकावे.

राहिला एसी. साऱ्या वसाहतीस एसी निवडून देणाऱ्या या माणसाच्या घरी एसी नाही. पुढील वर्षी कोष्टक बदलणार असते, किंवा कर उतरणार असतो, किंवा नवा नमुना येणार असतो. सबब दर उन्हाळ्यात निर्णय तहकूब होतो आणि खिडकीत वाळ्याचा कूलर घरघरतो. मराठवाड्याची हवा उन्हाळ्यात कोरडी, म्हणून कूलर येथे चांगला चालतो, विजेचेही भागते. परंतु तो पाणी पितो, आणि पाणी नाही. एसीस पाणी लागत नाही, परंतु तो वीज पितो, आणि विजेचे बिल सोसत नाही. या पेचात सापडलेल्या माणसास मी हसणार नाही, कारण तो पेच त्यांनी निर्माण केलेला नाही. त्यांनी त्यातून काढलेली एक वाट तर निःसंशय शहाणपणाची आहे: घरातील सारे जुने पंखे उतरवून त्यांनी बीएलडीसी मोटारीचे बसवले. जुना पंखा पाऊणशे वॉट घेई, नवा तिसांच्या आसपास घेतो. बारा तास फिरला तर एका पंख्यामागे रोज अर्ध्या युनिटाहून अधिक वाचते. हा एकच सल्ला वसाहतीने त्यांचा जसाच्या तसा मानला आहे. बाकीचे सल्ले लोक आदरपूर्वक ऐकतात, घरी जातात आणि बायकोला जो रंग आवडेल तो फ्रीज घेऊन येतात.

तेव्हा चिकलठाण्याच्या बाजूस आपले राहणे असेल आणि एखादे उपकरण घ्यावयाचे असेल, तर या मुखत्यारांस अवश्य भेटावे. दुकानातील गणवेशधारी मुलगा जे सांगणार नाही ते हे सांगतील, तेही फुकट. फक्त खरेदीनंतर ते किंमत विचारतील तेव्हा बिल दाखवू नये, आणि तोंडाने सांगताना हजार रुपये कमी सांगावे. त्यांच्या माहितीतील एका माणसास तीच वस्तू त्याहूनही आठशेने स्वस्त मिळालेली असते.