कागदोपत्री नवरदेव

परदेशी मुलीशी तिच्याच देशात जाऊन लग्न करणाऱ्या मराठी पुरुषांत जर्मनीचा जावई हा प्रकार वेगळा ओळखू येतो. तो बहुधा पुण्याचा, शिक्षणाने इंजिनियर आणि नोकरीनिमित्त म्युनिक किंवा श्टुटगार्टला स्थायिक असतो. लग्न ठरेपर्यंत तो चारचौघांसारखाच वागतो. ठरल्यावर त्याच्या काखेत एक फाइल येते आणि पुढचे काही महिने ती काखेतून खाली येत नाही.

जर्मनीत १८७६पासून लग्न कायदेशीर होते ते सरकारी नोंदणी कार्यालयातच. चर्चचा विधी हा हौसेचा भाग. या कार्यालयाला श्टांडेसआम्ट म्हणतात. आपला नवरदेव तिथे पहिल्यांदा जातो तो तारीख ठरवायला. परत येतो तो कागदांची यादी घेऊन. तारखेचा विषय कुणी काढलेलाच नसतो.

यादीत पहिला मान जन्मदाखल्याचा. तो असतो, म्हणजे पुण्याला वडिलांच्या कपाटात असतो, आणि वडिलांनी काळजीपोटी लॅमिनेट करून ठेवलेला असतो. प्लास्टिकवर सही-शिक्का चालत नाही, म्हणून महापालिकेतून नवा काढावा लागतो. नव्या दाखल्यात बाळाच्या नावाची जागा कोरी निघते. जन्माची नोंद झाली तेव्हा बारसे व्हायचे होते, आणि बारसे झाल्यावर नाव घालायला पुन्हा कचेरीत जायचे कुणाला सुचले नव्हते. आईचे नाव दाखल्यात मंगल असते आणि तिच्या पासपोर्टात सुनंदा. लग्नात सुनेचे नाव बदलण्याची हौस सासरच्या मंडळींनी फार मनापासून केलेली असते. तिचा हिशेब तीस-पस्तीस वर्षांनी मुलाला बव्हेरियात चुकता करावा लागतो. मंगल आणि सुनंदा ही एकच बाई असल्याचे प्रतिज्ञापत्र तयार होते. वडिलांची तऱ्हा निराळी. मराठी माणसाच्या पासपोर्टात वडिलांचे नाव त्याच्या स्वतःच्या नावाला चिकटून छापलेले असते, तेव्हा जर्मन कचेरी ते त्याचेच दुसरे नाव धरते. ज्या नावाने घरात वडिलांना फक्त आजी हाक मारायची, त्या नावाने याला सरकारी पत्रे येऊ लागतात.

दुसरा कागद अविवाहित असल्याचा, आणि खरी मौज इथे आहे. परदेशी वराच्या लग्नाला त्याच्या देशाच्या कायद्याने काही आडकाठी नाही, असा तिथल्या सरकारचा दाखला जर्मन कायदा मागतो. जर्मनीला हवा तसा हा दाखला भारतात मिळत नाही. साऱ्या देशातली लग्ने टिपणारी एक नोंदवहीच भारतात नाही, तर न झालेली लग्ने कोण आणि कशावरून प्रमाणित करणार? मग जर्मन दिवाणी संहितेच्या कलम १३०९खाली त्या दाखल्यातून सूट मागावी लागते, आणि ती त्या प्रांताच्या वरिष्ठ न्यायालयाचे अध्यक्ष देतात. थोडक्यात, कोथरूडचा मुलगा लग्नाला मोकळा आहे की नाही याचा निवाडा म्युनिकचे न्यायालय करते. एरवी हे काम मामी बसल्या जागी करतात.

या टप्प्यावर नवरदेव हुशारी दाखवतो. एका देशाचे कागद दुसऱ्या देशात एकाच शिक्क्यावर चालावेत म्हणून केलेल्या अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत २००५मध्ये सामील झाला, हे त्याने वाचलेले असते. एजंटाला पैसे मोजून तो सगळ्या कागदांवर परराष्ट्र मंत्रालयाचे स्टिकर चिकटवून आणतो आणि श्टांडेसआम्टच्या टेबलावर अभिमानाने मांडतो. भारताच्या प्रवेशाला जर्मनीने हरकत घेतलेली आहे, म्हणून हे स्टिकर जर्मनीत चालत नाहीत, हे त्याला तिथे कळते. टेबलापलीकडच्या बाई हे सौजन्याने सांगतात. त्यांना सवय असते.

स्टिकर चालत नाही म्हणून कागदांची पडताळणी होते. जर्मन वकिलात आपल्या भरवशाच्या भारतीय वकिलाला हे काम देते. त्याचा खर्च अर्थातच नवरदेवाचा, आणि वेळ महिन्यांच्या हिशेबात. वकिलाचा माणूस मूळ नोंदवह्या तपासतो, घरी येऊन जातो आणि गरज वाटली तर शेजारीही विचारपूस करतो. आईवडील महिनाभर आधीपासून शेजाऱ्यांशी गोड वागू लागतात. वास्तविक त्याची गरज नसते. मुलाचे लग्न झाले आहे का, या प्रश्नावर समोरच्या काकू इतके सविस्तर बोलतात, की कोणकोणत्या स्थळांनी त्याला नकार दिला हेही जर्मन सरकारच्या दप्तरी जाण्याचा धोका निर्माण होतो. अविवाहितपणाचा याहून भक्कम पुरावा न्यायालयालाही मिळणार नाही.

यानंतर शपथबद्ध अनुवादकाची पाळी. सूट मिळाली की ती सहा महिनेच टिकते. तेवढ्यात लग्न उरकले नाही तर पुन्हा अर्ज. वैतागलेल्यांची एक पोटजात सरळ डेन्मार्कची वाट धरते. सीमेजवळचे ट्योनर गाव किंवा एरो बेट अशा जोडप्यांसाठी प्रसिद्ध आहे, कारण तिथे कागद कमी आणि निकाल लवकर. पण अस्सल कागदोपत्री नवरदेव ही वाट घेत नाही. एवढी फाइल जमवल्यावर ती कुणाला दाखवायचीच नाही, हे त्याला सोसत नाही.

प्रत्यक्ष लग्न अर्ध्या तासात आटोपते. जर्मन कळत नसेल तर दुभाषा बसवतात, अधिकारी चार शब्द बोलतो, दोघे होकार देतात आणि सह्या करतात. भारतात विशेष विवाह कायद्याने लग्न करायचे तर तीन साक्षीदार लागतात. जर्मनीत मात्र १९९८पासून साक्षीदारांची सक्ती नाही. वधूवरांची इच्छा असेल तर आणावेत, नाहीतर दोघांनीच यावे.