कडी बाहेरून

संशोधनासाठी माकडांची पैदास करणाऱ्यांना पिंजरे वाढवायचे असले की प्रस्तावात हमखास एक शब्द अवतरतो: ‘निवासव्यवस्थेचा विस्तार’. डहाणू किनाऱ्यावरच्या वाढवण गावातल्या शेंबड्या पोरालाही घर आणि पिंजरा यांतला फरक ठाऊक असतो. घराची कडी आतून, पिंजऱ्याची बाहेरून. बाकी पक्कं छप्पर, चोवीस तास पाणी, वेळेवर खाणं आणि दारात येणारा डॉक्टर या बाबतींत माकडंच सरस, हे डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर कुणी नाकारणार नाही.

आता ‘विस्तार’. त्याचे अर्थ दोन: आहे त्या माकडांना ऐसपैस जागा, किंवा तेवढ्याच मापात आणखी माकडं. पहिला असेल तर पेढे वाटा. पण दोन्हींना शब्द एकच, आणि गोम तिथंच आहे. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांसाठीच्या अमेरिकेतल्या प्रचलित मार्गदर्शिकेत दहा किलोपर्यंतच्या माकडाला किमान 4.3 चौरस फूट जागा आणि 30 इंच उंची सांगितली आहे. आपल्या ग्रामीण घरकुलाचं किमान माप 25 चौरस मीटर, म्हणजे 269 चौरस फूट. भागाकार करा, एका घरकुलात 62 माकडं. दहा फुटी छत असेल तर चार मजले, म्हणजे 248. बारशाला पाव्हणे आले तर अडीचशे! आणि एकाही कडीला आतून हात पुरत नाही.

‘मग लशी काय आभाळातून पडणार?’ असं कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पोलिओची लस माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढवली गेली, त्यासाठी भारतातून माकडांची प्रचंड निर्यात झाली आणि 1978 साली ती बंद झाली. रानातून धरलेल्या माकडाचं वय ठाऊक नसतं, आजार ठाऊक नसतात, त्यामुळे निष्कर्षच नासतात. म्हणून पैदास लागते, हेही मान्य. पण पर्याय शोधा, संख्या घटवा, यातना कमी करा, ही त्रिसूत्री 1959 पासून छापील आहे. मग विस्ताराच्या कागदावर माकडामागे किती फूट, आज माकडं किती, उद्या किती आणि घटणार कधी, एवढे चार आकडे लिहायला शाई संपते का? जीव घेताय तर घेतो म्हणा! त्याला ‘निवासी’ म्हणून वर उपकार कसले करता?

शब्दांची ही सफेदी या किनाऱ्याला नवी नाही. वाढवणच्या 76 हजार कोटींच्या बंदराबरोबर ‘विकास’ आला, ‘पुनर्वसन’ आलं. आता असा गोड शब्द कानावर पडला की वाढवणचा माणूस आधी कडी कुठल्या बाजूला आहे ते चाचपतो.