विमानाची हवा

लेहहून परतीच्या विमानाची वेळ पाहिली की पुण्यामुंबईच्या पर्यटकाचा प्रश्न ठरलेला: "इतक्या सकाळी? दुपारचं नाही मिळालं?" लेहची बहुतेक विमानं सकाळीच उरकतात. दुपारी डोंगरांतून वारं उठतं, ऊन तापतं आणि विमानाला या दोन्हींचं वावडं. वाऱ्याचं आपण समजू शकतो. पण कुडकुडणाऱ्या माणसाला जे ऊन हवंहवंसं वाटतं, त्यानेच एवढ्या धुडाचे हातपाय गळावेत?

पंखांना उचलून धरते ती हवा, आणि तापली की ती विरळ होते. समुद्रसपाटीला, १५ अंशांवर, घनमीटरभर हवेचं वजन जवळपास सव्वा किलो भरतं. लेहचा विमानतळ सव्वातीन हजार मीटरांवर. तिथं पारा ३० अंशांवर गेला की त्याच घनमीटरात जेमतेम पाऊण किलो हवा उरते. एवढी विरळ हवा एरवी साडेचार हजार मीटरांच्या आसपास असायची. म्हणजे विमान जागचं हललेलं नसतं, पण हवेच्या हिशेबात हजारभर मीटर आधीच चढून बसलेलं असतं!

इंजिनांचाही दम अपुरा पडतो. उचल मिळवायला जास्त वेग हवा, वेगाला लांब धावपट्टी हवी आणि ती काही ताणता येत नाही. मग वजन कमी करा, नाहीतर बसून राहा. जुलै २०२४च्या अखेरीस लेहमध्ये उष्म्यामुळे विमानं रद्द झाली. उकाड्यापासून पळून लडाख गाठलेली मंडळी तिथं उकाड्यामुळेच अडकली. अमेरिकेतल्या फीनिक्सला जून २०१७मध्ये पारा ४८ अंशांपुढे गेला, तेव्हा लहान विमानं जमिनीवरच राहिली आणि मोठी उडत राहिली. कुठल्या विमानाने किती ऊन सोसायचं, हे त्याच्या कागदपत्रांतच लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात लग्नाचा मुहूर्त काढणाऱ्यांनी असं एखादं कलम घालून घ्यायला हरकत नाही.

विमानाच्या आवडी अशा आपल्या उलट्याच. पाठीवरचा वारा आपल्याला बरा वाटतो. त्याला जमीन सोडताना वारा समोरून हवा. जूनच्या घामट मुंबईत हवा आपल्याला जड वाटते. प्रत्यक्षात बाष्पाचे रेणू नायट्रोजन-ऑक्सिजनपेक्षा हलके, त्यामुळे दमट हवा कोरडीपेक्षा किंचित हलकीच भरते, आणि विमानाला तेही नको असतं.

त्याला हवी तशी गार, घट्ट हवा जानेवारीच्या पहाटे दिल्लीत भरपूर असते. फक्त तेव्हा धुक्यात धावपट्टी दिसत नाही.