फारम म्हणजे खंड

आजच्या सदरात एक जाहीर माफी मागायची आहे. भोर आणि वेल्हे तालुक्यांतल्या समस्त फार्महाऊस-मालकांची. वेल्ह्याला आता राजगड म्हणायचं, असं सरकारने 2024 साली ठरवलं आहे. पण माझी जीभ अजून जुन्याच वळणावर जाते. त्याबद्दलही याच माफीत काय ते धरून घ्यावं.

गेली कित्येक वर्षं मी या मंडळींची टिंगल करत आलो. 'शेत नाही, नांगर नाही, बैल नाही, आणि म्हणे फार्महाऊस!' हा माझा ठेवणीतला विनोद. चेलाडी फाट्यावर चहा पिताना तो मी इतक्यांदा सांगितलाय की, टपरीवाला हल्ली मला पाहिल्याबरोबर आधीच हसून मोकळा होतो. नसरापूरवरून वेल्ह्याकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाट्या: रिव्हर टच, डॅम टच, फोर्ट व्ह्यू. आत स्विमिंग पूल, हिरवळ, गझिबो आणि मध्यरात्रीपर्यंत डीजे. यात फार्म कुठं आहे, असं मी दातओठ खाऊन विचारायचो.

मग मागच्या आठवड्यात कसल्याशा कामासाठी इंग्रजी शब्दकोश उघडला आणि थोबाडीत बसल्यासारखं झालं. चूक त्यांची नव्हतीच. इंग्रजी मलाच येत नव्हतं.

'फार्म' या शब्दाचा मूळ अर्थ शेत नाही. लॅटिनमध्ये 'फिर्मुस' म्हणजे पक्कं, घट्ट. मध्ययुगीन लॅटिनमध्ये त्यावरून 'फिर्मा' झालं, म्हणजे पक्की ठरवून टाकलेली रक्कम. फ्रेंचांच्या तोंडी तिचं 'फेर्म' झालं, आणि 1300च्या सुमाराला हा शब्द इंग्रजीत आला तोही रक्कम म्हणूनच. आपल्याकडे कूळ मालकाला ठरीव खंड घालायचं, तो खंड म्हणजे फार्म. अर्धेलीत निदान पिकाबरोबर मालकाचं नशीबही बुडतं. खंडाचं तसं नाही. आभाळ फाटो की कोरडं जावो, खंड तेवढाच. पुढे अशा खंडाने दिलेल्या जमिनीलाही फार्म म्हणू लागले. आणि शेताला सरळ फार्म म्हणायची रीत पडली ती सोळाव्या शतकात.

'फार्मर'ची कथा तर याहून रंगतदार. सुरुवातीचा फार्मर नांगर धरत नव्हता. राजाला एक ठराविक रक्कम मोजून तो वसुलीचा हक्क विकत घ्यायचा आणि मग रयतेकडून निघेल तेवढं काढायचा. जे प्रत्यक्ष चिखलात उतरायचे त्यांना इंग्रजीत वेगळी नावं होती. त्यातलं 'चर्ल' हे नाव तर आता गावंढळ, असंस्कृत माणसाला हिणवण्यापुरतंच उरलंय.

म्हणजे पाहा. ज्याच्या पायाला चिखल लागत नाही पण जमिनीतून ज्याच्याकडे पैसा येतो, तो फार्मर. येतो तो पैसा म्हणजे फार्म. आणि पाय वर घेऊन तो जिथं मोजायचा, ते फार्महाऊस. इंग्रजांनी सातशे वर्षांत या शब्दाची जी हेळसांड केली, ती आमच्या गुंजवणीकाठच्या मालकांनी एका पिढीत निस्तरली. आणि मी मूर्ख त्यांना नांगर कुठाय म्हणून विचारत बसलो.

शब्दाचं असं स्थलांतर होतं, याचं भोरकरांना तरी नवल वाटू नये. सचिव हा अष्टप्रधानांतला एक हुद्दा, कागदपत्रं सांभाळणाऱ्याचा. राजाराम महाराजांच्या काळात तो शंकराजी नारायणांना मिळाला, आणि पुढे 1948 साली संस्थान विलीन होईपर्यंत भोरच्या राजाला लोक पंतसचिवच म्हणत. हुद्द्याचं राज्य होतं, तर खंडाचं शेत का होऊ नये?

बरं, हा मूळ फार्म पुणे प्रांताला परकाही नाही. आपल्याकडे त्याला इजारा म्हणत, मक्ता म्हणत. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती लिलावात निघाल्या. जो चढ्या बोलीने घेईल त्याला महाल. तो पुढे पोटमक्त्याने दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला, आणि सगळ्यांच्या नफ्याचा भार शेवटी कुणब्याच्या कण्यावर. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखावर एल्फिन्स्टनने 1819 साली अहवाल लिहिला, त्यात या मक्तेबाजीवर कडक ताशेरे आहेत. त्या पद्धतीला साहेबाच्या भाषेत शब्द होता 'फार्मिंग'. ज्याला आज आपण ऑरगॅनिक लावून गोड करतो, तोच.

मक्तेदार गेला. त्याच्या जागी कंपनी सरकारने जो अधिकारी बसवला त्याचं नाव मात्र प्रामाणिकपणे 'कलेक्टर' ठेवलं, म्हणजे गोळा करणारा. प्लॉटच्या जाहिरातीत 'कलेक्टर एनए' असं ठळक छापतात, तो हाच गृहस्थ.

आणि पोटमक्ता? तोही गेलेला नाही, फक्त मापं बदलली. खाचर शेतकऱ्याकडून निघतं तेव्हा एकराने निघतं. पहिला एजंट ते अर्ध्या एकराने पुढे सरकवतो, दुसरा गुंठ्याने, तिसरा चौरस फुटाने. चाळीस गुंठ्यांचा एकर आणि 1,089 चौरस फुटांचा गुंठा, हे गणित जमीन न मोजताही पाठ असलेली तरुण पिढी या खोऱ्यात तयार झाली आहे. माप बारीक होत जातं तसा भाव फुगत जातो. शेवटी एजंट म्हणतो, "टोकन टाका, लगेच कन्फर्म करतो." हे 'कन्फर्म'ही त्याच फिर्मुसचं नातवंड. एजंटची 'फर्म' तीही त्याच घरातली. इटालियन भाषेत फिर्मा म्हणजे सही, आणि सही करून पक्का केलेला व्यवहार ज्या नावाने चालतो ती फर्म. फर्मने फार्म कन्फर्म केलं, यात खरं तर एकच शब्द तीनदा आला आहे. त्याचे पैसेही तीनदा द्यावे लागतात.

आता यावर कोणी म्हणेल, मालकांना मराठीत शेतकरी तर म्हणता येणार नाही? येतं. कागदोपत्री येतं. 1948च्या कूळकायद्याप्रमाणे जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. माझे एक संगणकवाले स्नेही आहेत. रोपाला आणि तणाला ते समान वागणूक देतात. त्यांनी चार महिने खपून आजीच्या माहेरचा सातबारा शोधला. त्यावर वारसांच्या गर्दीत चौदाव्या नंबरला त्यांच्या मातोश्री निघाल्या. झाले शेतकरी! तिकडे ज्याने त्यांना जमीन विकली, त्याला गावातल्या जाणत्यांनी बजावलं होतं, "सगळी इकू नको रं, एक गुंठा तरी ठेव. न्हाईतर पोरांचा शेतकरी दाखला जायचा." म्हणजे चौदाव्या नावाने एक शेतकरी निर्माण झाला आणि एका गुंठ्यावर दुसरा जेमतेम वाचला. खात्यात जमाखर्च बरोबर.

स्नेह्यांच्या सातबाऱ्याचीही मी टिंगल केली होती. पीकपाहणीला काय लावणार, स्विमिंग पूल? ते शांतपणे म्हणाले, "गवत." आणि खरंच की! हिरवळ म्हणजे गवतच. फरक एवढाच, गावातली म्हैस त्याकडे पाहून हंबरते आणि वॉचमन शिट्टी मारतो.

हल्ली नुसत्या फार्महाऊसने भागत नाही, म्हणून फाटकांवर 'व्हिला' आलं आहे. हा शब्द अस्सल रोमन. व्हिला म्हणजे शेतीवाडीसह गावाकडचा वाडा. आणि त्या व्हिलाच्या जमिनीवर राबणारा जो गडी, तो 'व्हिलानुस'. त्यावरूनच इंग्रजीतला 'व्हिलन' आला. शब्दाने केलेला न्याय बघा: वाड्यात झोपणारा तो खानदानी, आणि वाड्याचं अंगण झाडणारा तो खलनायक. गावकऱ्यांनी डीजेबद्दल तक्रार केली की मालकांना हीच व्युत्पत्ती आठवत असावी.

एक गोष्ट मात्र मालकांच्या कानावर घालायला हवी. बऱ्याच जणांनी फाटकाला बुरूज काढले आहेत, तटाला जंग्या ठेवल्या आहेत, वर भगवा लावला आहे. समोर राजगड दिसतो म्हणून ही भक्ती. पण राजगडावर ज्यांनी पंचवीसेक वर्षं राजधानी ठेवली त्यांना हे रुचलं नसतं. सभासदाच्या बखरीत आहे की, बुरुजांचे वाडे बांधून मुलखात पुंडाई करणाऱ्या वतनदारांचे वाडे-कोट महाराजांनी पाडले आणि त्यांना साधं घर बांधून राहायला सांगितलं. गुंजण मावळात, हिरडस मावळात जे बुरूज तीनशे वर्षं उठले नव्हते, ते आता रेडीमिक्स काँक्रीटमध्ये उठले आहेत. तटामुळे खाचरावर जायची वहिवाटीची वाट बंद झाली, हा तपशील. तट म्हटला की वाट बंद व्हायचीच.

तटावरून फ्रान्स आठवलं. तिथल्या मक्तेदारांच्या कंपनीचं नावच 'फेर्म जेनेराल' होतं. म्हणजे अखिल राज्याचं फार्म. राजासाठी कर गोळा करायचे आणि उरलेलं खिशात. मालावरची जकात चुकू नये म्हणून त्यांनी चक्क पॅरिसभोवती भिंत घातली. लोक असे चिडले, असे चिडले की, विचारू नका. या कंपनीत एका शास्त्रज्ञाची भागीदारी होती. आंत्वान लाव्हॉजिए. शाळेत आपण ज्याच्या नावाचा वस्तुमानाचा नियम घोकला, तोच. क्रांती झाली आणि 8 मे 1794 रोजी इतर सत्तावीस मक्तेदारांबरोबर त्याचंही डोकं उडवलं. गुन्हा काय, तर फार्मर असणं.

याच लाव्हॉजिएने हवेतल्या एका वायूचं बारसं केलं होतं. 'ऑक्सिजन.'

स्नेही दर शनिवारी कात्रज ओलांडून वेल्ह्याला कशासाठी येतात, असं मी एकदा विचारलं होतं. "ऑक्सिजनसाठी रे," ते म्हणाले होते. त्या वेळी मी हसलो. त्याबद्दलही क्षमस्व. फार्मरचा आणि ऑक्सिजनचा संबंध किती जुना आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

हा सगळा माफीनामा घेऊन परवा मी स्नेह्यांच्या फार्मवर गेलो. ते आले नव्हते. ऐन आषाढ, पलीकडच्या खाचरात इंद्रायणीची लावणी चाललेली. लावणी करत होती ती पुण्याची मुलं, 'भातलावणी अनुभव' घ्यायला पैसे भरून आलेली. एकेकाळी इर्जिकीला माणसं बोलवायची तर जेवू घालावं लागे. आता त्यांच्याकडूनच जेवणाचे पैसे घेतात. याला प्रगती म्हणायचं नाही तर काय?

फाटक तात्यांनी उघडलं. ही जमीन आधी तात्यांची. त्यांच्या वडिलांची खालची खाचरं धरणात गेली, मग वर डोंगरकडेला सरकले, नाचणी-वरईवर दिवस काढले. पुढे धरणाचं पाणी 'व्ह्यू' झालं आणि ही वरकस जमीन 'डॅम टच' झाली. विकली. आता तात्या तिथेच रखवालदार आहेत आणि मालकांची हिरवळ कापतात.

"तात्या, स्वतःच्या रानात नोकरी करताना कसंतरी वाटत नाही?" मी विचारलं. असे प्रश्न सदरवाल्यांनाच सुचतात.

"त्यात काय वाटायचं, सायेब? भाताचं काय खरं हुतं? कदी करपा, कदी रानडुकरं. ह्ये बरंय. म्हैन्याला फिक्स. पाऊस येऊ द्या न्हाईतर न येऊ द्या, ठरल्यालं पैकं येत्यात."

मी चमकलो. फिक्स. ठरलेलं. पाऊस येवो न येवो. शब्दकोशातली फिर्माची अख्खी व्याख्या तात्यांनी गवत कापायचं मशीन बंद न करता सांगितली. जमीन कोणाच्या का नावावर असेना, त्या तीन एकरांतलं अस्सल लॅटिन फार्म दर महिन्याच्या सात तारखेला तात्यांच्या फोनवर येत होतं, आणि येऊन किराण्यात संपत होतं.

"ते ऱ्हाऊ द्या," तात्या म्हणाले आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. "ह्यो बघा जरा. सेंटरमधल्या पोरानं दिलाय. फार्मर आयडीचा हाये म्हनं. त्याबिगर सरकारचं पैकं न्हाई. त्यो एक गुंठा ठिवलाय न्हवं, त्याच्यावर काढलाय." मग कागदावर बोट ठेवून त्यांनी हळू आवाजात विचारलं, "फार्मर म्हंजी आपला शेतकरीच न्हवं?"

माझ्या तोंडाशी लॅटिन आलं. फ्रेंच आलं. एल्फिन्स्टन आला, लाव्हॉजिए आला. मी सगळ्यांना गिळलं.

"हो तात्या," मी म्हणालो, "शेतकरीच."

या माफीनाम्यात एवढं एक खोटं बोललो आहे. मालकांनी ते मोठ्या मनाने पदरात घ्यावं.