वाघ दिसत नाही तो सिनेमा

‘सर्वकालीन आवडते सिनेमे’ अशा याद्या दिवाळी अंकांतून येतात, तेव्हा त्यांत सत्यजित राय असतात, कुरोसावा असतो आणि ज्याचं नाव नीट उच्चारता आलं की माणूस आपोआप रसिक ठरतो असा एखादा पोलिश दिग्दर्शक असतो. या मंडळींविषयी मला आदरच आहे. पण माझं आयुष्य चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत, जिल्हा परिषदेच्या शाळांवर मास्तरकी करण्यात गेलं. आमच्याकडे सिनेमा आवडण्याआधी तपासला जातो. पडद्यावर वाघ आला की वनरक्षक तपासतो. बैल आले की शंकरपटात जोड्या पळवणारा तपासतो. कुणी रडलं की माझी आत्या तपासते. एवढ्यांच्या हाताखालून गेल्यावर जे शिल्लक उरतं, ती माझी यादी.

त्यातली आत्या सगळ्यांत कठीण, कारण ती झाडीपट्टीच्या नाटकांवर पोसलेली. धानाची कापणी-मळणी आटोपली की दिवाळीनंतर मंडई भरतात, शंकरपट होतात आणि गावोगाव शामियाने उभे राहतात. नाटक कंपन्यांचा मुक्काम वडशाला. तहसील कचेरीच्या पाटीवर त्या गावाचं नाव देसाईगंज आहे, उरलेल्या जगाला ते वडसाच. नाटक दहाचं म्हणून जाहीर होतं, अकरा-साडेअकराला सुरू होतं आणि संपतं तेव्हा पूर्वेला उजाडत असतं. गावात प्रत्येक घरी पाहुणे असतात आणि पहिल्या-दुसऱ्या अंकाच्या मधल्या वेळात निदान एक लग्न जुळतं. गुरनोलीच्या परशुराम खुण्यांना 2023 साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या हजारो प्रयोगांसाठी. मिळाल्याचा आनंद सगळ्यांना झाला. आत्याचं म्हणणं एवढंच की दिल्लीले बातमी उशिरा पोचली.

अशा बाईला 1991 साली मी मोठ्या हौसेने ‘माहेरची साडी’ दाखवायला नेलं. अख्खं थिएटर हुंदके देत होतं. अलका कुबलचे हाल पाहून पुढच्या रांगेतली एक बाई तर पडद्यावरच्या सासूला नावानिशी शिव्या घालत होती. आत्या पदर कोरडा ठेवून बसलेली. बाहेर आल्यावर म्हणाली, “चांगली हाये. पन एवढ्यातच झालं? आमच्या नाटकात एवढ्या येळात तं सासू अजून रंगवून रायते.” तीन तासांच्या आतली कोणतीही गोष्ट तिच्या लेखी नांदी होती. सिनेमा यादीत ठेवायला मात्र तिने मंजुरी दिली, कारण परतीच्या एसटीत तिला सिनेमातल्या चुका सांगता सांगता रडू आलं.

त्याच्या बऱ्याच आधीचा, 1975 चा, ‘जय संतोषी माँ’. लोक चपला बाहेर काढून थिएटरात जात आणि पडद्यावर आरती लागली की इकडे खुर्च्यांतून आरती होई, हे देशभर झालं, आमच्याकडेही झालं. त्याची कलात्मक बाजू मला सांगता येणार नाही. परिणाम सांगतो. सिनेमा लागला त्या आठवड्यापासून आमच्या घरी शुक्रवारी आंबट बंद झालं. बाहेरच्या माणसाला यातलं दुःख कळायचं नाही. ज्या मुलखात अंबाडीची भाजी, अंबाडीची चटणी आणि चिंचेचं सार यांवर उन्हाळा निघतो, तिथे आठवड्यातला एक दिवस असा कापून नेणारा सिनेमा हा माझ्या मते आजवरचा सर्वांत प्रभावी हिंदी सिनेमा आहे. ‘शोले’ही त्याच वर्षीचा. गब्बरने आमच्या ताटातलं काही उचललं नाही.

‘पिंजरा’ मी उशिरा पाहिला, पण त्याची झळ मला लहानपणीच लागली होती. 1972 साली तो आला तेव्हा वडील मास्तर होते. व्ही. शांतारामांनी नेमका एक मास्तर घेतला, सडा-रांगोळी काढून लोक ज्याच्या पाया पडतात असा, आणि त्याला तमाशातल्या बाईच्या नादाने धुळीला मिळवला. डॉक्टर लागूंनी ते काम इतकं चोख केलं की तालुक्यातल्या समस्त शिक्षकवर्गाची पंचाईत झाली. वडील हौसेने दंडार या आमच्याकडच्या लोकनाट्यात काम करत. सोंग स्त्रीचं असायचं, तेही मिशी न काढता. आईने सिनेमा पाहून आल्याच्या रात्री घुंगरू धान्याच्या कोठीत टाकले ते टाकलेच. “सिनेमातला मास्तर बी आधी चांगलाच होता,” एवढं एक वाक्य तिला जन्मभर पुरलं. मूळ कल्पना ‘ब्लू एंजल’ नावाच्या जुन्या जर्मन सिनेमातली आहे, असं मी पुढे वाचून वडिलांना सांगितलं. जर्मनीतल्या मास्तरांचंही असंच झालं हे ऐकून त्यांना फार बरं वाटलं.

मे महिन्यात पाहिलेल्या सिनेमांबद्दल मात्र माझं मत कुणी ग्राह्य धरू नये. चंद्रपुरात पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीसवर असताना दुपारच्या खेळाला वाळ्याच्या कूलरसमोरची खुर्ची मिळाली, तर पडद्यावर काहीही चाललेलं असो, ती अभिजात कृतीच वाटते.

आता जनावरांकडे वळतो, कारण खरी तपासणी तिथेच होते.

‘हाथी मेरे साथी’ हा माझ्या बालपणीचा देवघरातला सिनेमा. राजेश खन्नापेक्षा रामू हत्ती मोठा नट आहे, हे माझं मत तेव्हा झालं आणि पुढे खन्नांचे बाकीचे सिनेमे पाहूनही बदललं नाही. आमच्या वाट्याला हत्ती म्हणजे कमलापूरच्या कॅम्पमधले सरकारी हत्ती. जंगलातली लाकडं ओढण्यासाठी ठेवलेले, आणि आता पाहुण्यांना दर्शन देणारे. त्यामुळे हत्ती हा प्राणी सोज्वळ असतो, नोकरी करतो आणि मालकासाठी जीव देतो, असाच समज. मग 2021 च्या ऑक्टोबरात छत्तीसगडातून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला. त्यांनी हा सिनेमा पाहिलेला नव्हता. नेमका धान भरण्याचा हंगाम. ज्या मामांनी मला खांद्यावर बसवून रामूचं मरण दाखवलं आणि स्वतः धोतराच्या सोग्याने डोळे पुसले, तेच मामा आता रात्री डबा वाजवत बांधावर उभे. गेल्या वर्षी टीव्हीवर तो सिनेमा लागला. रामू गोळी झेलतो तो प्रसंग आला. मामा बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “मेला तो एकटाच. बाकीचे कुठं गेले ते दाखवत नाईत.”

आणि अवाढव्य जनावरांच्या याच मुद्द्यावर माझ्या यादीत स्पीलबर्ग येतो. ‘जुरासिक पार्क’ हिंदीत बोलायला लागला तो 1994 साली. सगळा देश टी-रेक्सला घाबरला. आम्ही एका वेगळ्या प्रसंगाशी अडकलो. त्यात एक आजारी डायनासोर आहे आणि त्याच्या शेजारी पुरुषभर उंचीचा शेणाचा ढीग. आमच्या शेजारच्या खुर्चीवर वरोऱ्याकडचा एक गृहस्थ होता, तो मोठ्यांदा म्हणाला, “हे तं आमच्या पिसदुऱ्यात पडलं हाये!” लोक हसले. पण तो खरं बोलत होता. वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याच्या शिवारात डायनासोरच्या हाडांबरोबर त्यांच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे सापडतात आणि जगभरचे शास्त्रज्ञ ते कौतुकाने अभ्यासतात. तिकडे सिरोंचा तालुक्यात वडधमला तर जीवाश्मांचं उद्यानच आहे. म्हणजे हॉलिवूडला जे प्लॅस्टर लावून उभारावं लागलं, ते आमच्याकडे वखराला लागतं.

पुढची गंमत मोठी आहे. 2005 साली शास्त्रज्ञांनी पिसदुऱ्याच्या त्या गोळ्यांत गवताचे अंश शोधून काढले. डायनासोरांच्या काळात गवत होतं आणि डायनासोर ते खात होते, याचा हा पुरावा. 2011 मध्ये त्याच गोळ्यांतून आणखी निष्कर्ष निघाला: त्यातलं काही गवत भाताच्या कुळातलं होतं. ही बातमी मी मामांना वाचून दाखवली. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीही या मुलखात अगडबंब जनावरं येऊन धानाच्या खानदानावर ताव मारून जात, हे त्यांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, “पंचनामा झाला होता का?”

वाघाच्या सिनेमांचे अंतिम न्यायाधीश माझे भाटवे, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. आयुष्यभर वनरक्षक. ताडोबाच्या बाजूने ब्रम्हपुरीपर्यंत त्यांची नोकरी झाली. नायक वाघाशी कुस्ती खेळतो असे सगळे सिनेमे त्यांनी पहिल्या रिळात बाद केले. “तो वाघ नाई. तोंड शिवलेलं हाये त्याचं.” डिस्कव्हरीवरचे वाघही त्यांना नापास, कारण ते फार वेळ दिसतात.

2021 साली ‘शेरनी’ आला, मोबाइलवर. अमित मसुरकरांचा, विद्या बालन वनाधिकारी. चित्रण मध्य प्रदेशातलं, पण शेजारच्या यवतमाळातल्या नरभक्षक ठरवलेल्या वाघिणीची आठवण आमच्याकडे ताजी होती. भाटवे चष्मा लावून, हातात काडी घेऊन बसले, पुरावे नोंदवायला बसावं तसे. पहिला अर्धा तास झाला. वाघीण नाही. तासाभराने पंजाचे ठसे, कॅमेऱ्यातला एक फोटो, एक मेलेलं जनावर, गावकऱ्यांचा आरडाओरडा, पुढाऱ्यांची दोन भाषणं, साहेबांची शेरोशायरी. मला भीती वाटायला लागली की म्हातारा आता मोबाइल परत करणार. तेवढ्यात ते म्हणाले, “याले म्हनते वाघ. दिसत नाई.” मग उरलेला सिनेमा त्यांनी मान डोलावत पाहिला. शिकारी झालेल्या शरत सक्सेनाला मात्र त्यांनी अस्सल वनखात्याची शिवी दिली, जी छापता येत नाही. विजय राज यांचा प्राध्यापक त्यांना पटला. असा एक प्राणिशास्त्राचा मास्तर प्रत्येक रेंजमध्ये असतो आणि त्याच्या मोटारसायकलीत पेट्रोल नसतं, हे त्यांचं निरीक्षण. आक्षेप एकच नोंदवला: डीएफओबाई एवढ्या वेळा स्वतः पायी गेल्या, हे जरा शिनेमासारखं झालं.

‘डॉ. प्रकाश बाबा आमटे’ 2014 साली आला तेव्हा भामरागडकडच्या माझ्या एका माडिया विद्यार्थ्याला मी विचारलं, कसा वाटला. तो म्हणाला, “बनियन बरोबर हाये.” नाना पाटेकरांना याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळालं असेल असं मला वाटत नाही.

आणि यादीतला पहिला क्रमांक, ज्यावर घरी अजून भांडण आहे, तो ‘न्यूटन’चा. 2017 सालचा, याच मसुरकरांचा. दंडकारण्यातलं एक मतदान केंद्र, शहात्तर मतदार, आणि नियमाचं पुस्तक डोक्यात घेतलेला एक केंद्राध्यक्ष. घटना छत्तीसगडातली आहे म्हणतात. आम्हाला ती भरलेल्या वर्गातला आरसा वाटली, कारण निवडणूक लागली की तो न्यूटन आम्हीच असतो. गडचिरोली-चिमूर मतदारसंघाचा बराच भाग असा, की मतदान दुपारी तीनलाच आटोपतं. पथकं हेलिकॉप्टरने आधी जाऊन पोहोचतात, मग चालतात. हेलिकॉप्टरचा प्रवास फुकट म्हणून नातेवाईक हेवा करतात. त्यांना मी फक्त एवढं विचारतो की तुमच्या मांडीवर कधी ईव्हीएम होतं का.

सिनेमा आम्ही शिक्षकांनी मिळून पाहिला, केंद्रप्रमुखांच्या घरी, चहा-चिवड्यासह. असा रसिकवर्ग राजकुमार रावला पुन्हा मिळायचा नाही. संजय मिश्राच्या प्रशिक्षणाला सगळे एकदम हसले. रघुवीर यादवचा लोकनाथ पाहून सगळ्यांनी एकाच सहकाऱ्याकडे पाहिलं. आमचा लोकनाथ भुताखेतांच्या कादंबऱ्या लिहीत नाही, पतसंस्थेच्या कर्जाचे अर्ज लिहितो, एवढाच फरक. पंकज त्रिपाठीचा अधिकारी जेव्हा समजावतो की कशाला एवढं मनावर घेता, तेव्हा खोलीत कुणी हसलं नाही. अंजली पाटीलची मलको पाहून एक शिक्षिका म्हणाल्या, “बीएलओचं काम बाईच बरोबर करते,” आणि याला विरोध करण्याची कुणाची हिंमत झाली नाही.

सिनेमा संपला. केंद्रप्रमुख, निवडणुकीचा दांडगा अनुभव असलेले, बराच वेळ हनुवटी चोळत बसले. मग निकाल दिला, “सगळं बरोबर. गोळीबार बरोबर, चालणं बरोबर, मच्छर बरोबर. पन एक मोठी खोट हाये.”

“कोणती, सर?”

“मशीन जमा कराची लाइन दाखवलीच नाई. रात्रभर उभं राहून सतरा-सी फॉर्मचा हिशेब जुळवते तवा कळते न्यूटन काय चीज हाये ते.”

सगळ्यांनी होकार भरला. एक जण तर उठून विचारायला लागला, दुसरा भाग येणार आहे का.