बाळूला खोकता येत नाही

"काय गं नीता, काल रात्री साडेअकरा वाजले तरी दिवा? कुणाला बरं नाही का?"

"बाळूला, काकू."

"अगंबाई! तुझ्या लेकाचा तो अजगर?"

"रॉयल पायथन हो. मूळचा पश्चिम आफ्रिकेतला, उबेचा जीव. त्यात हा इंग्लंडमधला, आपल्या स्लावचा हिवाळा! पेटीखालची गरम चटई कधी बंद पडली, कळलंच नाही."

"जेवला नाही वाटतं?"

"नुसतं जेवत नाही म्हणून घाबरायचं नसतं. कात टाकायच्या आधी डोळे दुधी-निळे होतात, तेव्हाही खात नाही. थंडीत तर महिनोन्‌महिने उपास काढतो, पण वजन फारसं हलत नाही. या खेपेला वजन उतरलं. बघते तर मान वर करून बसलाय, तोंड किंचित उघडं, नाकपुडीशी बुडबुडे. श्वासाला बारीक शिट्टी."

"सर्दीच की! खोकतो का?"

"तिथंच तर गोची आहे. सापाला आपल्यासारखं खोकताच येत नाही. कफ आतच साचतो, मग न्यूमोनिया."

"आमच्या ह्यांना एक शिंक आली की अख्खी गल्ली जागी! मग हळद-दूध दे की. आमच्या बत्तीस शिराळ्याला नागपंचमीला..."

"काकू, साप दूध पीत नाही. तहानेनं प्यायलाच तर त्याला बाधतं."

"मग केलंस काय?"

"आधी ऊब. पेटीच्या एका टोकाला ३१-३२ अंश, दुसऱ्याला २५च्या आसपास. मग डॉक्टरांना फोन. सगळे व्हेट साप बघत नाहीत, म्हणून विचारूनच गेले. उशीच्या अभ्र्यात घातला, वर गाठ मारली, गाडीत हीटर लावला. अँटिबायोटिकची इंजेक्शनं दिलीत. बरा होईस्तोवर बळंच काही भरवायचं नाही म्हणाले."

"शहाणी गं बाई. पण वजन कशावर करतेस?"

"स्वयंपाकाच्या काट्यावर."

काकूंचा हात कचऱ्याच्या डब्यावरच थांबला.

"परवा पुरणाची डाळ मोजून दिलीस, तो काटा?"

"नाही हो! त्याचा वेगळा आहे. भांडंसुद्धा स्वयंपाकघरात धूत नाही. त्याच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो, हात लावला की साबणानं धुवायचेच."

"बरं. उद्या किती ग्रॅम भरतो ते सांग हो मला. पण कुंपणावरूनच!"